सहा वर्षांचं बिशपपद आणि त्यापुढची तेवीस वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. एका दिवाळी अंकासाठी सॅम्युएल आयझॅक जोसेफ शेरेशेव्स्की या एपिस्कोपल बिशपवर तुम्हाला लेख लिहायचा आहे. हाताशी फक्त सनावळी आहे: १८७७ मध्ये बिशप, १८८१ मध्ये पक्षाघात, १८८३ मध्ये राजीनामा, १९०६ मध्ये मृत्यू. तुम्ही लिहिता, "बिशपपद जेमतेम सहा वर्षं, त्यातली दोन आजारपणात गेली. मग कारकीर्द म्हणून लिहायचं काय? आणि एपिस्कोपल म्हणजे कॅथलिकच ना?"

मी गेली अठ्ठावीस वर्षं ख्रिस्ती धर्मकार्यातल्या माणसांची चरित्रं लिहिते, भाषांतरित करते आणि जुन्या कराराच्या मराठी मसुद्यांवर काम करते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्याकडे मजकूर भरपूर आहे. चुकलं आहे ते माप. सरकारी अधिकाऱ्याची कारकीर्द 'अमुक साली रुजू, अमुक साली निवृत्त' अशी मोजता येते. बिशपची तशी मोजायला गेलं की माणूस हातातून निसटतो. शेरेशेव्स्कींच्या बाबतीत तर तो पुरताच निसटतो, कारण त्यांचं सगळ्यात मोठं काम, म्हणजे बायबलचं चिनी भाषांतर, पदाच्या आधी आणि पदाच्या नंतर झालं आहे.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. 'एपिस्कोपल' हे विशेषण ग्रीक 'एपिस्कोपोस' या शब्दावरून आलं. देखरेख करणारा, वरून नजर ठेवणारा, असा त्याचा अर्थ. मराठी पवित्र शास्त्रात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात याच शब्दासाठी 'अध्यक्ष' आहे, डीकनसाठी 'सेवक' आणि मंडळीतल्या ज्येष्ठांसाठी 'वडील'. म्हणजे ज्या चर्चचा कारभार बिशपांच्या देखरेखीखाली चालतो ते एपिस्कोपल. या अर्थाने कॅथलिक चर्चही बिशपांचंच, पण तुम्हाला अभिप्रेत असलेलं चर्च ते नव्हे. हे अमेरिकेतलं अँग्लिकन परंपरेचं चर्च. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिथल्या अँग्लिकन मंडळ्यांपुढे पेच पडला. इंग्लंडमध्ये बिशप म्हणून दीक्षा घ्यायची तर राजाशी निष्ठेची शपथ घेणं कायद्याने बंधनकारक होतं आणि नव्या देशाचा नागरिक ती घेऊ शकत नव्हता. शेवटी सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबर्डीनमध्ये तिथल्या बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. पुढे इंग्लंडने कायदा बदलला आणि १७८७ मध्ये विल्यम व्हाइट आणि सॅम्युएल प्रोवूस्ट यांची दीक्षा लंडनमध्ये लॅम्बेथला झाली.

तुमच्या वाचकाला हे जवळचं करून सांगायचं असेल तर एक खरा दुवा आहे. आपल्याकडच्या अँग्लिकन मंडळ्या इतर काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांबरोबर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. मुंबईत, पुण्यात, नाशिकला ज्यांना लोक सी.एन.आय.चे बिशप म्हणतात, त्यांच्या पदाचा एक धागा याच अँग्लिकन परंपरेतून येतो. हे एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. लेख अमेरिका, चीन आणि जपानचा आहे, तो तिथेच राहू द्या.

आता बिशप होणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. या चर्चमध्ये दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: डीकन, प्रीस्ट आणि बिशप. बिशपला दीक्षा देताना निदान तीन बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. दृढीकरणाचा (बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास पक्का करण्याचा) विधी आणि नव्या पाळकांची दीक्षा ही कामं बिशपच करू शकतो. साधारणपणे धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या हद्दीतल्या मंडळ्यांच्या, अधिवेशनात पाळक आणि मंडळीचे सामान्य सभासद वेगवेगळं मतदान करून बिशप निवडतात, आणि त्यावर बाकीच्या चर्चची संमती लागते. परदेशी मिशनसाठी मात्र शेरेशेव्स्कींच्या काळात बिशपांचं सभागृहच निवड करत असे. हल्ली बहात्तराव्या वर्षी निवृत्ती सक्तीची आहे.

यात खरा मुद्दा असा की दीक्षा आणि अधिकारक्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांघायचा कारभार हे अधिकारक्षेत्र. ते १८८३ मध्ये सुटलं. दीक्षा मात्र आयुष्यभराची असते, राजीनाम्याने ती जात नाही. १९०६ मध्ये टोकियोत त्यांचं निधन झालं ते बिशप म्हणूनच. तेव्हा 'सहा वर्षं बिशप होते' हे तुमचं वाक्य तपशिलातच चूक आहे. 'सहा वर्षं शांघायचा कारभार त्यांच्याकडे होता' असं लिहा. हा फरक मला सुरुवातीला कुणी सांगितला नव्हता. एका निवृत्त बिशपची नोंद लिहिताना मी 'माजी बिशप' लिहिलं आणि ते तसंच छापून आलं. त्यांच्या घरच्यांनी फार शांतपणे पत्र लिहून समजावलं. तेव्हापासून हा शब्द मी वापरलेला नाही.

आता आयुष्याकडे वळू. जन्म ६ मे १८३१, टाउरोगेन इथे. हे गाव आज लिथुआनियात टाउरागे नावाने आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू. आई-वडील लहानपणीच गेले, सावत्र भावाने वाढवलं. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, व्हावं म्हणून शिक्षण झालं, झिटोमिरच्या (आज युक्रेनमध्ये) रब्बींच्या विद्यालयात ते शिकले. म्हणजे हिब्रू त्यांनी परदेशी पंडितासारखी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेली नव्हती. ती त्यांच्या प्रार्थनेची आणि पाठांतराची भाषा होती. याच काळात नव्या कराराचं हिब्रू भाषांतर त्यांच्या हाती आलं. पुढे ते ब्रेसलाऊच्या विद्यापीठात गेले (आज ते शहर पोलंडमध्ये आहे) आणि १८५४ मध्ये अमेरिकेला पोहोचले. १८५५ मध्ये बाप्तिस्मा बाप्टिस्ट मंडळीत झाला, धर्मशास्त्राचा अभ्यास पिट्सबर्गजवळच्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीत झाला आणि अखेरीस ते न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीत, म्हणजे एपिस्कोपल चर्चमध्ये आले.

या भागात पुष्कळ लेखक 'ज्यू मुलाचं धर्मांतर' हाच लेखाचा कणा करतात. माझं मत विचाराल तर तसं करू नका. धर्मांतर घडलं, ते लिहा, पण हा माणूस पुढे जे करू शकला ते टाउरोगेन आणि झिटोमिरमध्ये जे कमावलं त्याच्या बळावर. ते त्यांनी टाकून दिलं नाही, सोबत नेलं. जुन्या करारातली एखादी ओळ चिनी भाषेत कशी वाजावी याचा निर्णय घेताना त्यांच्या कानात ती ओळ लहानपणापासून घुमत होती. भाषांतर करणाऱ्यालाच कळेल की ही केवढी मोठी शिदोरी आहे. एका हिब्रू शब्दावर मी तीन आठवडे अडून बसले आहे. 'हेसेद'ला दया म्हणावं, वात्सल्य म्हणावं की दिलेल्या शब्दाला जागणं म्हणावं? कोशात तिन्ही मिळतात. कुठे कोणतं, हे कोश सांगत नाही. ते भाषेत वाढलेला कान सांगतो. माझ्याकडे तो नाही, आणि म्हणूनच शेरेशेव्स्कींबद्दल मला इतकं वाटतं.

जुलै १८५९ मध्ये त्यांना डीकनची दीक्षा मिळाली. दीक्षा देणारे विल्यम जोन्स बून हे चीनमधले या चर्चचे पहिले बिशप, १८४४ मध्ये दीक्षा झालेले. त्यांच्याच तुकडीबरोबर शेरेशेव्स्की जहाजावर चढले आणि डिसेंबरात शांघायला उतरले. चिनी भाषेचा अभ्यास त्यांनी प्रवासातच सुरू केला होता. ऑक्टोबर १८६० मध्ये ते प्रीस्ट झाले आणि १८६२ मध्ये पेकिंगला (आजच्या बीजिंगला) गेले.

इथे एक परिच्छेद थांबा, कारण हे जाणं आपोआप घडलेलं नाही. १८५८ चा टिनत्सिनचा (आजचं त्यानजिन) तह आणि १८६० चा पेकिंगचा करार हे ब्रिटिश आणि फ्रेंच तोफांच्या जोरावर चीनवर लादले गेले, आणि त्यांतूनच मिशनऱ्यांना देशात आत जायची, राजधानीत राहायची मोकळीक मिळाली. शांघायच्या आसपास चिनी राजसत्तेविरुद्धचं ताइपिंगचं बंड पेटलेलं होतं, ते १८६४ पर्यंत चाललं. शेरेशेव्स्कींच्या विद्वत्तेबद्दल आदर बाळगूनही हे लिहिता येतं आणि लिहिलंच पाहिजे. त्या तहांशिवाय त्यांच्या पेकिंगमधल्या घराचं दार उघडलं नसतं. चिनी वाचकाला हे पक्कं ठाऊक असतं. मराठी वाचकापासून आपण ते लपवू नये.

पेकिंगमधली तेरा वर्षं हा मला तुमच्या लेखाचा पहिला कळस वाटतो, आणि या काळात ते बिशप नव्हते! अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्याने मिशनकडे येणारा पैसा आटला होता, १८६४ मध्ये बिशप बून वारले, सहकारी मोजके. अशा दिवसांत वेगवेगळ्या मिशनांचे पाच जण एकत्र बसले: ब्रिटिश अँग्लिकन जॉन शॉ बर्डन, लंडन मिशनरी सोसायटीतून आलेले जोसेफ एडकिन्स, अमेरिकन प्रेस्बिटेरियन डब्ल्यू. ए. पी. मार्टिन, अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे हेन्री ब्लॉजेट आणि शेरेशेव्स्की. त्यांनी मिळून नवा करार मँडरिनमध्ये आणला, तो १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्डन आणि शेरेशेव्स्कींनी प्रार्थनापुस्तकही त्याच भाषेत केलं. जुना करार मात्र समितीने एकट्या शेरेशेव्स्कींवर सोपवला. तो त्यांनी थेट हिब्रूतून केला आणि १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो छापून झाला. उत्तर चीनच्या बोलभाषेतला तो पहिला संपूर्ण जुना करार. १९१९ मध्ये युनियन व्हर्जन हे वेगवेगळ्या मिशनांनी मिळून केलेलं भाषांतर आलं तोवर, म्हणजे चार दशकांहून जास्त काळ, मँडरिन वाचणाऱ्यांच्या हाती मुख्यतः हाच पाठ होता.

मँडरिन आणि वेन-ली यांतला फरक तुमच्या वाचकाला समजावून द्यावा लागेल, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. मँडरिन ही बोलली जाणारी भाषा. मोठ्याने वाचली की ऐकणाऱ्या निरक्षरालाही कळते, पण दक्षिणेकडच्या माणसाची बोली वेगळी. वेन-ली ही ग्रंथांची भाषा, कुणी ती घरात बोलत नाही, पण शिकलेला माणूस कोणत्याही प्रांतातला असो, ती डोळ्यांनी वाचू शकतो. म्हणून चीनमधल्या भाषांतरकाराला दोन वेगळे वाचक सांभाळावे लागत. आयुष्याच्या पहिल्या अर्ध्यात शेरेशेव्स्कींनी ऐकणाऱ्यासाठी काम केलं, दुसऱ्या अर्ध्यात वाचणाऱ्यासाठी. दुसऱ्या वेळी त्यांनी निवडली ती 'सोपी वेन-ली', जुन्या ग्रंथांइतकी अवघड नसलेली.

आणि एक वाद टाळू नका: देवाला काय म्हणायचं? चीनमधले मिशनरी या एका शब्दावरून पिढ्यानपिढ्या भांडले. काहींना 'शांगदी' हवं होतं, जुन्या चिनी ग्रंथांतला सर्वोच्च स्वामी. काहींना 'शेन', म्हणजे देव किंवा दैवी शक्ती असा व्यापक शब्द. बर्डन आणि शेरेशेव्स्की यांनी 'तियेन-चू' निवडलं, स्वर्गाचा स्वामी. हा कॅथलिकांचा रुळलेला शब्द, म्हणून बऱ्याच प्रॉटेस्टंटांना तो खटकला. मराठीत आपल्याला 'देव' आणि 'परमेश्वर' आयते मिळाले आणि ते आपण इतक्या सहज वापरतो की त्यामागचा निर्णय कुणाला दिसतही नाही. शेरेशेव्स्कींना तो निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा लागला, आणि तोही स्वतःच्या गोटातल्यांची नाराजी पत्करून. माणसाचा स्वभाव कळण्यासाठी हा प्रसंग शंभर विशेषणांपेक्षा उपयोगी पडेल.

मग बिशपपद. बून यांच्यानंतर चॅनिंग मूर विल्यम्स चीन आणि जपान दोन्ही सांभाळत होते. १८७४ मध्ये त्यांच्याकडे फक्त जपान राहिलं आणि चीनची जागा रिकामी झाली. शेरेशेव्स्कींची निवड झाली तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. पुन्हा निवड झाली, आग्रह झाला, तेव्हा कुठे मान्य केलं. ३१ ऑक्टोबर १८७७ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. या मालिकेत ते तिसरे. 'शांघायचे पहिले बिशप' असं कुठे वाचलंत तर उतरवून घेऊ नका.

हा नकार महत्त्वाचा आहे. मी अनेक बिशपांची चरित्रं हाताळली आहेत आणि आधी नाही म्हणणं हा पुष्कळदा शिष्टाचाराचा भाग असतो. इथे मला तो खरा वाटतो, कारण भाषांतर करणाऱ्या माणसाला बिशपपद म्हणजे काय हे पक्कं कळलेलं असणार: प्रवास, हिशेब, इमारती, माणसांच्या तक्रारी, आणि टेबलाजवळ बसायला उरलेला दिवसाचा तुकडा. तरी पद घेतल्यावर त्यांनी ते नावापुरतं ठेवलं नाही. १८७९ मध्ये शांघायला सेंट जॉन्स कॉलेज सुरू केलं. सुरुवातीला तिथलं शिक्षण चिनी भाषेतून होतं. पुढे इंग्रजीने जोर धरला, कॉलेजचं विद्यापीठ झालं, मुत्सद्दी वेलिंग्टन कू आणि लेखक लिन युतांग तिथे शिकले. १९५२ मध्ये ते विद्यापीठ बंद करण्यात आलं. तो परिसर आज कायदा आणि राज्यशास्त्राच्या विद्यापीठाकडे आहे.

ऑगस्ट १८८१, वूचांग (आजच्या वूहान शहराचा भाग). यांगत्झेच्या काठचा भयंकर उन्हाळा. तिथे उष्माघाताने ते कोसळले आणि शरीर जवळजवळ पूर्ण लुळं पडलं. बोलणंही अडखळू लागलं. वय पन्नास. उपचारासाठी कुटुंब युरोपात गेलं. सुधारणा फारशी झाली नाही आणि १८८३ मध्ये त्यांनी शांघायचा कारभार सोडला.

तुमच्या सनावळीत इथून पुढे कोरी जागा आहे. ती कोरी नाही.

१८८६ मध्ये ते अमेरिकेत परतले आणि काम पुन्हा हातात घेतलं. हात मात्र चालत नव्हता. चिनी अक्षर ब्रशने काढायचं तर बोटांना नजाकत लागते, आणि लिहून घ्यायला सांगायचं तर वाणी साथ देत नव्हती. उरला टाइपरायटर. त्यावर रोमन अक्षरं. उजव्या हाताचं एक मधलं बोट थोडं हलत होतं. त्या बोटाने त्यांनी चिनी मजकूर रोमन लिपीत टाइप करायला सुरुवात केली, पुढे दोन बोटं वापरू लागले. म्हणून या भाषांतराला 'दोन बोटांचं बायबल' असं नाव पडलं. सुमारे दोन हजार पानं, असा आकडा एपिस्कोपल चर्चच्या स्मरणग्रंथात दिला जातो.

टाइप केलेलं पान म्हणजे तयार हस्तलिखित नव्हे, हेही समजून घ्या. चिनीत एकाच उच्चाराची कितीतरी अक्षरं असतात. रोमन लिपीत लिहिलेला उच्चार वाचून नेमकं कोणतं अक्षर अभिप्रेत आहे हे ओळखायचं आणि ते ब्रशने लिहायचं, हे काम जाणकार लेखनिकांचं. १८९५ मध्ये ते शांघायला परतले ते याचसाठी. चिनी लेखनिक हाताशी बसले आणि पानामागून पान अक्षरांत उतरू लागलं. छपाई जपानात व्हायची होती, म्हणून १८९७ मध्ये मुक्काम टोकियोला हलला. मँडरिन जुन्या कराराची सुधारलेली आवृत्ती १८९९ मध्ये निघाली आणि सोप्या वेन-लीतलं संपूर्ण बायबल १९०२ मध्ये. त्या सुमारास त्यांनी काढलेले उद्गार नोंदले गेले आहेत. त्यांचा आशय असा: या खुर्चीत मी वीस वर्षांहून जास्त बसलो आहे, सुरुवातीला फार जड गेलं, पण देवाला अधिक कळत होतं, ज्या कामाला मी सर्वात योग्य होतो त्यासाठीच त्याने मला राखलं. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी त्याच खुर्चीत त्यांचा अंत झाला. आओयामाच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. चर्चच्या पंचांगात त्यांचा स्मरणदिन १४ ऑक्टोबरला आहे. मृत्यूची तारीख आणि स्मरणदिन यांची सरमिसळ पुष्कळ ठिकाणी दिसते, तुमच्याकडून होऊ देऊ नका.

आता एक गोष्ट आग्रहाने सांगते. ही बोटाची हकीकत इतकी विलक्षण आहे की ती लेखावर चढून बसते. मग शेरेशेव्स्की म्हणजे चिकाटीचा पुतळा होतो आणि लेख म्हणजे शाळेतला पाठ. तसं होऊ नये म्हणून त्या खोलीतली इतर माणसं दाखवा. सुझन मेरी वेअरिंग, ब्रुकलिनच्या, मिशनमध्ये काम करायला शांघायला आल्या आणि १८६८ मध्ये त्यांचं शेरेशेव्स्कींशी लग्न झालं. जोसेफ आणि कॅरोलिन ही दोन मुलं. १८८१ नंतरची पंचवीस वर्षं लुळ्या माणसाला उठवणं, बसवणं, भरवणं, समुद्र ओलांडून नेणं, हे रोजचं काम कुणाच्या अंगावर होतं याचा विचार करा. त्यांना एक परिच्छेद द्या, 'पत्नीची मोलाची साथ' या तीन शब्दांत गुंडाळू नका. तसेच ते लेखनिक. एखाद्या उच्चाराचं अक्षर ठरवणं हा यांत्रिक उतारा नव्हे, तो भाषेचा निर्णय असतो. 'एकट्याने केलेलं भाषांतर' हे वाक्य म्हणूनच मला मान्य नाही.

हे लिहिताना पंडिता रमाबाई डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापलं गेलं, खिळे जुळवणाऱ्या बायका तिथल्याच. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, तेव्हा लेखात ओढूनताणून जोडू नका. पण दिवाळी अंकाच्या वाचकाला 'मूळ भाषेतून थेट' म्हणजे काय हे चटकन समजावं म्हणून एक ओळ चालेल.

बाकी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. अंक ख्रिस्ती वाचकांचा असेल तर दीक्षा, दृढीकरण, धर्मप्रांत हे शब्द समजावायला नकोत, उलट देवाच्या नावाचा वाद विस्ताराने घ्या. सर्वसाधारण अंक असेल तर पारिभाषिक शब्द कमीत कमी ठेवा आणि जो वापराल तो पहिल्याच वेळी उलगडा. 'बाप्तिस्मा' की 'स्नानसंस्कार' यावर संपादक अडतील. हे एपिस्कोपल चर्च आहे, 'बाप्तिस्मा' लिहा. गावांची नावं त्या काळची ठेवलीत तर पहिल्यांदा आजचं नाव सोबत द्या. दोन हजार शब्दांत सगळं बसणार नाही, तेव्हा अमेरिकेतली सेमिनरीची वर्षं दोन वाक्यांत आटपा. सेंट जॉन्सच्या पुढच्या इतिहासाचा मोह आवरा, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सुरुवात कुठून करायची हेही तुम्ही विचारलं आहे. जन्मापासून नको आणि टाइपरायटरपासूनही नको. मी असते तर पेकिंगमधल्या टेबलापासून केली असती: पाच जण, पाच मिशनं, एका शब्दावरून वाद, आणि त्यातला एक जण असा की ज्याने ते मूळ वचन लहानपणी रब्बी होण्यासाठी पाठ केलं होतं. तिथून मागे टाउरोगेनला जाता येतं आणि पुढे टोकियोलाही. ग्रेस चर्चमधली दीक्षा मध्ये कुठेतरी येईल, तिला पाऊण परिच्छेद पुरे.

मसुदा झाला की १८८३ नंतरचा मजकूर किती भरला ते मोजा. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल तर परत बसा. आणि शीर्षकात तुम्ही 'शांघायचे बिशप (१८७७–१८८३)' असं योजलं आहे, त्यातला तो कंस काढून टाका.